फक्त ती चौकट पाठवत जा

दत्तामामा गेले त्याला अठरा दिवस झाले होते, आणि सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा मेल आला. मी ऑफिसात होते. समोर कुणाचा तरी स्क्रीनशॉट उघडलेला, त्यात नेहमीसारखं काहीतरी अडलेलं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात मामांचं नाव वर सरकलं, दोन क्षण थांबलं आणि नाहीसं झालं. खोटं कशाला सांगू, आधी मला बरंच वाटलं. आले वाटतं मामा घरी, असं मनात येऊन गेलं... आणि मग बाकीचं सगळं आठवलं.

मेल उघडला. विषय होता, ‘शीट क्र. २१२ – इंटरनेटचा संप’. आत त्यांची ठरलेली ओळ, ‘चि. वृंदा, सोबत शीट जोडले आहे. पाहून कळवावे.’ आणि जोडलेल्या चित्रात एक लहानशी राखाडी चौकट, इंटरनेट उपलब्ध नाही असं सांगणारी. म्हणजे इंटरनेट बंद पडल्याचा स्क्रीनशॉट मामांनी मला इंटरनेटवरून पाठवला होता. हे फक्त तेच करू जाणे. अर्थातच तो गेला नव्हता. हॉस्पिटलात दुसऱ्यांदा दाखल व्हायच्या आदल्या दिवशीचा तो मेल त्यांच्या जुन्या वळणाच्या मेलच्या प्रोग्राममध्ये रांगेत पडून राहिला होता. त्या सकाळी मामींनी खोली झाडताना कॉम्प्युटर सुरू केला, राउटरचं बटण दाबलं, आणि रांगेतला तो एकुलता एक मेल निघाला. मला हे सगळं नीट कळतं, माझं पोटापाण्याचं कामच हे आहे. तरी मी उठून जिन्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

त्यानंतरच्या रविवारी मी मामांची सगळी शीट्स पुन्हा काढून बसले. चार वर्षांत आलेली, एकूण एक. आणि त्यांतल्या एका शीटवर असं काही होतं की जे मी तेव्हाच पाहायला हवं होतं आणि पाहिलं नाही. मामा कसे होते हे मी सांगणारच आहे, पण लिहायला बसले आहे ती त्या एका शीटमुळे, हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर ‘एक प्रसन्न व्यक्तिमत्त्व हरपले’ छापाचा मजकूर लिहून मी मोकळी झाले असते, आणि मामांनी त्यावर लाल पेन्सिल मारली असती.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. खडकीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्यांच्या क्वार्टरमध्येच जायच्या. कारखान्यातलं कागदाचं चिटोरंही घरी आणायची सोय नव्हती, मग मामा आपली हौस घरच्या वस्तूंवर भागवायचे. मामींना फडताळ हवं असलं तरी आधी चौकटीच्या कागदावर त्याचं ड्रॉइंग व्हायचं, चारी बाजूंनी समास आखून आणि खाली उजवीकडे एक लहान रकाना काढून. त्या रकान्यात काढणाऱ्याचं नाव, तारीख, माप, आणि तपासणाऱ्याची सही. तपासणाऱ्या अर्थातच मामी. त्या हात पुसून सही करायच्या आणि म्हणायच्या, “झालं का समाधान? आता सुताराला बोलवा.”

एकदा मला त्यातलं एक ड्रॉइंग फार आवडलं म्हणून मी कात्रीनं मधलं फडताळ तेवढं कापून माझ्या वहीत चिकटवलं. मामा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. भोक पडलेला कागद त्यांनी खिडकीसमोर धरला आणि त्यातून माझ्याकडे बघत म्हणाले, “आता हे कुणी काढलं, कुठल्या मापानं काढलं, हे फडताळ सांगणार आहे का तुला? शीट कापायचं नसतं, वृंदा. कडेचं वाचल्याशिवाय मधलं कळत नाही.” मी सात-आठ वर्षांची असेन. मला फक्त कागदाच्या भोकातला मामांचा डोळा आठवतो.

निवृत्तीनंतर त्यांनी मांजरीला, पुण्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, फ्लॅट घेतला. तेव्हा त्या बाजूला इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या, आणि मामांच्या मागच्या गॅलरीतून कुंपणापलीकडे थेट ऊस दिसायचा. मी कर्वेनगरला. मध्ये अख्खं पुणे. “तुझ्याकडे यायचं म्हणजे डबा बांधून घ्यावा लागतो,” असं मामा म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. म्हणून मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांना नेऊन दिला, की निदान पत्रव्यवहार राहील. मामांनी तो शिकायला घेतला तेव्हा ते सत्तरीला आले होते. वही केली, खुणा केल्या, प्रत्येक बटणाचं चित्र काढलं. अडलं की फोन करायचे, आणि फोनवर जे व्हायचं ते विचारू नका. “काय दिसतंय मामा?” “एक चौकट आलीय.” “काय लिहिलंय तिच्यात?” “बरंच लिहिलंय.” अर्धा तास जायचा आणि शेवटी कळायचं की चौकट मघाशीच बंद केली.

फोनमधून फोटो काढून पाठवा म्हटलं तर ते त्यांना मान्य नव्हतं. फोटो तिरका येतो. कडा समांतर राहत नाहीत. असलं ड्रॉइंग ऑफिसात दिलं असतं तर साहेबानं तोंडावर फेकलं असतं. मग एका शनिवारी जाऊन मी त्यांना स्क्रीनशॉट शिकवला. वरच्या रांगेतलं ते एक बटण दाबायचं, चित्रांचा प्रोग्राम उघडायचा, तिथं चिकटवायचं, नाव द्यायचं, मेलला जोडायचं. मामांनी ते बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तेव्हा माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग चिकटवल्यावर अख्खा पडदा जशाच्या तसा कागदावर उमटला, चारी कडा सरळ, खाली घड्याळासकट. मामा खुर्चीत मागे टेकले. “हे बरंय,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

तिथून शीट्स सुरू झाली. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला विषय. ‘शीट क्र. ९ – संगणकाचा उद्धटपणा. तुम्हाला परवानगी नाही असे म्हणतो. यंत्र माझे, वीज माझी. पाहून कळवावे.’ ‘शीट क्र. ३३ – आपुलकीची चौकशी. तुम्हाला खात्री आहे का असे विचारतो. आजवर घरात कुणी विचारले नव्हते. होय म्हणू का?’ ‘शीट क्र. ५१ – तोच उद्धटपणा, आवृत्ती २.’ मी ऑफिसात दिवसभर लोकांचे असले स्क्रीनशॉट बघते. कंपनीतल्या कुणाचं काही अडलं की तो पडद्याचं चित्र मला पाठवतो, मी कुठं काय बिघडलंय ते बघते आणि उत्तर देते. त्या रुक्ष ढिगात मामांचं शीट आलं की मी शेजारच्या मुलींना वाचून दाखवायचे. सुरुवातीला मी उत्तरंही तशीच सविस्तर लिहायचे, त्यांच्या सुरात, ‘शीट तपासले, पुढीलप्रमाणे दुरुस्ती करावी’ वगैरे. मग कामं वाढली. घरी श्रीकांतचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, दवाखाना, मुलीची दहावी, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. उत्तरं आखडत गेली. ‘बंद करून चालू करा.’ ‘होय म्हणा.’ ‘दुर्लक्ष करा.’ मामांची पत्रं मात्र होती तेवढीच राहिली, आणि शेवटी तीच ओळ, पाहून कळवावे.

स्क्रीनशॉट बघणाऱ्या माणसाला एक सवय लागते. अख्खा पडदा समोर असतो, पण डोळा सरळ त्या चौकटीवर जातो. बाकीचं दिसतच नाही. लोकांच्या उघड्या राहिलेल्या खिडक्या, अर्धवट लिहिलेली राजीनाम्याची पत्रं, कुणाकुणाचे फोटो, सगळं असतं तिथं, आणि ते न बघणं हा आमच्या कामातला सभ्यपणाही आहे. मी त्यात तरबेज आहे. एका नजरेत चूक शोधते असं माझं नाव आहे ऑफिसात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, आता तर नाहीच.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शीट क्र. १६८ आलं. विषय, ‘मुद्रणयंत्र’. ‘चि. वृंदा, प्रिंटर सापडत नाही असे म्हणतो. टेबलावर माझ्यासमोर बसला आहे. सोबत शीट जोडले आहे. पाहून कळवावे.’ त्या दिवशी आमच्याकडे मोठा गोंधळ चालू होता, सगळी यंत्रणा बंद पडलेली, साहेब डोक्यावर बसलेले. मामांचं अख्ख्या पडद्याचं चित्र उघडायला वेळ लागला आणि मी वैतागले. मी काय उत्तर दिलं ते माझ्याकडे अजून आहे, शब्द न् शब्द. ‘मामा, प्रिंटरची वायर काढून परत लावा. आणि दर वेळी पूर्ण स्क्रीन कशाला पाठवता? मला बाकीचं काही बघायचं नसतं. फक्त ती चौकट पाठवत जा. कात्रीचं चिन्ह दाखवलंय ना मी तुम्हाला?’

त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘सूचना मिळाली. अंमल करतो.’

आणि त्यांनी अंमल केला. १६९ पासून पुढची सगळी शीट्स म्हणजे नुसत्या चौकटी. पांढऱ्या मेलमध्ये मधोमध एक राखाडी चौकट, आजूबाजूला काही नाही. ज्या माणसानं सात वर्षांच्या मुलीला शीट कापायचं नसतं म्हणून सांगितलं होतं, तो माझ्यासाठी कापायला शिकला. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. काम पटकन व्हायला लागलं म्हणून मी खूशच होते.

फाल्गुनात आमच्याकडे मुलीचा वाढदिवस होता, तेव्हा मामा-मामी आले. दारात चपला काढताना मामांनी भिंतीला हात टेकला. श्रीकांतनं तिथंच, दारातच, त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला. “मामा, उद्या सकाळी माझ्याकडे यायचं. रक्त बघायचंय.” मामा म्हणाले, “आज केक आहे ना? तो तरी खाऊ द्याल?” पुढचं सगळं भराभर झालं. आतड्याचं दुखणं निघालं, आणि ते आता लिव्हरपर्यंत पोचलं होतं. हॉस्पिटलात पाच आठवडे, मध्ये एकदा चार दिवस घरी. त्या चार दिवसांत त्यांनी नव्यानं लावलेल्या पेरूच्या रोपांना पाणी घातलं, कॉम्प्युटर लावला, आणि इंटरनेट बंद आहे हे मला इंटरनेटवरून कळवलं.

हॉस्पिटलातली एक गोष्ट सांगायची आहे. दाखल केलं त्या दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई सगळं लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, “काका, याआधी कधी रक्त तपासलं होतं? चार-सहा महिन्यांत?” मामांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं दोन-तीन श्वास पाहिलं. मला वाटलं, त्यांना आठवत नाहीये, मी सांगावं अशी अपेक्षा आहे. मी मान हलवली, मला काही माहीत नाही अशा अर्थानं. मग मामा डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “ज्येष्ठ नागरिकांच्या शिबिरात केलं होतं. विशेष काही नव्हतं.” ती नजर माझ्या पाठीमागे लागली आहे. भाजी चिरताना, सिग्नलला थांबले असताना, आणि आता लिहितानाही ती तिथंच आहे.

तर तो रविवार. मी पहिल्या शीटपासून सुरुवात केली, आणि या वेळी चौकटीकडे नाही, कडेकडे बघत गेले. मामांच्या पडद्यावर काय नव्हतं... खाली कोपऱ्यात घड्याळ, बहुतेक वेळा अकराच्या आसपास, आंघोळ-पूजा उरकल्यावरचं. पडद्यामागे मामींचा फोटो, गॅलरीत डोळे बारीक करून हसणाऱ्या. डाव्या बाजूला फोल्डर, त्यांतल्या एकाचं नाव ‘वृंदाची उत्तरे’. माझी ती आखडलेली उत्तरं त्यांनी साठवून ठेवली होती, ‘होय म्हणा’ आणि ‘दुर्लक्ष करा’ सकट. एका शीटवर मागे वीज कंपनीला लिहिलेलं पत्र अर्धवट, ‘महोदय, आपण माणसे आहात असे गृहीत धरून’ इथपर्यंत आलेलं. एकावर पेरूची कलमं कशी करावीत. एकावर माझ्या मुलीच्या शाळेचं संकेतस्थळ, का कोण जाणे. हे मामांचे फोटो नव्हते, मामा जिथून बघत होते ती जागा होती. मी त्यांच्या खुर्चीत बसून त्यांच्या डोळ्यांनी बघत होते, आणि फक्त तेच तिथं नव्हते.

मग १६८ आलं. मधोमध चौकट, प्रिंटर सापडत नाही. आणि चौकटीच्या मागे, जो कागद मामा छापायला बघत होते, तो कागद. रक्ताच्या तपासणीचा अहवाल. वरच्या कडेला मामांचं पूर्ण नाव. चौकटीनं बराचसा मजकूर झाकला होता, पण उजव्या कडेला एक आकडा ठळक अक्षरांत दिसत होता, आणि त्याच्यापुढे खाली तोंड केलेला बाण.

मी श्रीकांतला बोलावलं. तो उभ्या उभ्याच वाकला, एकदा माझ्याकडे आणि एकदा तारखेकडे पाहिलं. “हिमोग्लोबिन आहे,” तो म्हणाला. “साडेसात. हा केव्हा आला तुला?” मी सांगितलं. तो शेजारची खुर्ची ओढून बसला. मी विचारलं, “हे तेव्हाच तुला दाखवलं असतं तर?” तो म्हणाला, “दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं त्यांना.” “वाचले असते?” “माहीत नाही, वृंदा. खरंच माहीत नाही. वेळ तरी मिळाला असता.” तो चांगला माणूस आहे, खोटा धीर देत नाही. त्या दिवशी दिला असता तर बरं झालं असतं.

मला एकच जाणून घ्यायचं होतं. मामांनी तो कागद मला मुद्दाम दाखवला होता, की प्रिंटरचं दुखणं कळवताना तो आपोआप आला होता? आपोआप आला असेल तर मी निष्काळजी ठरते, आणि ते मी कसंतरी सोसू शकले असते. पुढच्या शनिवारी मी मांजरीला गेले. मामी डाळिंब सोलत बसल्या होत्या. मी आडून आडून सुरुवात केली, की मामी, शिबिरातल्या तपासणीचा काही कागद आला होता का... आणि मामींनी डाळिंब खाली ठेवलं.

“मी तुला विचारणार नव्हते,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी बजावलं होतं. पण तूच विषय काढलास म्हणून सांगते. कागद कॉम्प्युटरवर आला. मला त्या इंग्रजीतलं काय कळणार? मी म्हटलं, आपल्या श्रीकांत डॉक्टरांना फोन करा. तर म्हणाले, ते दिवसभर पेशंट बघतात, घरच्यांनी आणखी कशाला डोकं खायचं. वृंदाला शीट धाडलंय, तिला दिसेलच, ती दाखवील त्यांना. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, उत्तर आलं. प्रिंटरचं काय ते सांगितलंय, बाकी काही शेरा नाही. म्हणजे पास.”

मला कळेना. मामींनीच समजावलं. “अगं, ऑफिसात तसंच होतं त्यांचं. शीट तपासायला गेलं की तपासणाऱ्यानं ते अख्खं वाचायचं, कडेपासून. चूक दिसली तर लाल पेन्सिल. पेन्सिल न लागता परत आलं की त्याला मान्य आहे. वेगळं कुणी लिहीत नसे. जन्मभर त्यावर चाललं त्यांचं.”

आणि मग त्या जे म्हणाल्या त्याला माझी तयारी नव्हती. हॉस्पिटलात निदान झालं त्या दिवशी मामांनी त्यांना जवळ बोलावून सांगितलं होतं, की पोरीनं आणि डॉक्टरांनी तेव्हाच ओळखलं असणार. औषध नव्हतं म्हणून बोलले नाहीत. तिच्या जिवावर आलं असेल, तिला काही विचारू नकोस. “आणि खरं सांगू,” मामी म्हणाल्या, “बरं केलंत तुम्ही. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत कसे मजेत होते. पेरू लावले, वीज कंपनीशी भांडले. तेव्हाच कळलं असतं तर तेही दिवस सुया टोचून घेण्यात गेले असते. तुझे उपकार आहेत आमच्यावर, वृंदा.” त्यांनी डाळिंबाच्या दाण्यांची वाटी माझ्यापुढे सरकवली.

मी ते दाणे खाल्ले. एकेक करून खाल्ले, चहा घेतला, पेरूची रोपं पाहिली, आणि काही न बोलता घरी आले.

बारा दिवस मी मांजरीला फिरकले नाही. मामींचा फोन आला की मुलीला घ्यायला लावायचे. एवढंच राहिलं होतं माझ्या हातात, मामींनी मानलेले उपकार, आणि ते परत करायचे होते. श्रीकांत म्हणाला, “राहू दे की. त्यांना त्यात समाधान आहे. कुणाचं काय बिघडतंय?” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण मामा गेले ते मी सगळं बघते आणि प्रेमापोटी गप्प राहते असं मानून गेले, आणि त्यांना आता मी काही सांगू शकत नाही. त्यांच्या बाबतीत हे खोटं कायमचं राहिलं. मामींच्या बाबतीत ते मला ठेवायचं नव्हतं. शिवाय असले उपकार अंगावर घेऊन त्यांच्या हातचं पुन्हा खायचं कसं, हाही प्रश्न होताच.

तेराव्या दिवशी गेले. मामी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. कुंपणापलीकडे ऊस तोडून झाला होता आणि तिकडून एकदम खूप उजेड येत होता. मी तिथंच, उभ्याउभ्या सांगून टाकलं. “मामी, मी पाहिलं नव्हतं. श्रीकांतला दाखवायचा प्रश्नच आला नाही. मी फक्त ती प्रिंटरची चौकट पाहिली. मागचा कागद माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो वाचला नाही. मी त्यांना उलट लिहिलं, की बाकीचं मला बघायचं नसतं.”

मामींच्या हातात मामांचा सदरा होता. अजून त्यांचे कपडे धुऊन ठेवत होत्या. त्यांनी तो झटकला, दोरीवर घातला, दोन्ही खांद्यांना चिमटे लावले.

“म्हणजे कुणीच पाहिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

त्या रडतील, मला बोलतील, निदान आत जा म्हणतील, असं वाटलं होतं. त्यांनी बादली उचलून बाजूला ठेवली आणि मामांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले. खोली होती तशीच होती, वही, पेन्सिली टोकं वर करून ठेवलेल्या, प्रिंटर टेबलावर समोर बसलेला. मामींनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पडद्यावर मामींचा हसरा फोटो आला आणि खऱ्या मामी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. मला त्यांनी मामांच्या खुर्चीत बसायची खूण केली.

“तो कागद काढ.”

मी काढला. चौकटीशिवायचा, पूर्ण. पहिल्यांदाच सगळा दिसला मला.

“वाच,” मामी म्हणाल्या. “वरपासून वाच. मराठीत सांग.”

“मामी, आता कशाला...”

“वाच म्हटलं ना. ह्यांनी तपासायला दिला होता.”

मी वरच्या कडेपासून सुरुवात केली. नाव. वय, चौऱ्याहत्तर. पुरुष. रक्त घेतल्याची तारीख, वेळ सकाळची, उपाशीपोटी. मामी प्रत्येक ओळीला ‘हं’ म्हणत होत्या. पांढऱ्या पेशी, ठीक. साखर, ठीक. हिमोग्लोबिनपाशी मी अडले. मामी थांबल्या, पण पडद्यावरची नजर त्यांनी काढली नाही. मग मी तो आकडा वाचला, आणि असायला हवा होता तोही वाचला. एकेक ओळ करत खाली आले. अगदी तळाला, समासाच्या जवळ, बारीक अक्षरांत एक सूचना होती. ‘अहवाल त्वरित डॉक्टरांना दाखवावा.’ मी तीही वाचली.

“हं,” मामी म्हणाल्या.